सातव्या कलमाला हरकत नाही

माईक बंद पडला तेव्हा आमदार वाक्याच्या मध्यावर होता. टक् असा बारीक आवाज आला, भिंतीवरच्या दोन्ही स्पीकरांची घरघर थांबली, आणि त्याचा आवाज, इतकी वर्षं मोठा होऊन त्याच्याकडे परत येणारा, एकदम घशाएवढाच उरला. समोर वाचनालयाचा लांबट हॉल, लोखंडी घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांत त्याचे मतदार. तो बोलत राहिला. अशा वेळी थांबायचं नसतं हे तो पहिल्याच निवडणुकीत शिकला होता. थांबलं की माणसं आपापसात बोलायला लागतात आणि मग ती कुणाच्या बापाला आवरत नाहीत. मेलेला माईक ओठांशी तसाच धरून तो आणखी दोन-तीन वाक्यं बोलला, आणि समोर माना हलत होत्या. पहिल्या रांगेतल्या हलत होत्या ते ठीक. पण शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसलेल्यांपर्यंत त्याचा उघडा आवाज पोचणं शक्य नव्हतं, तिथेही माना त्याच संथ, समजूतदार लयीत वरखाली होत होत्या. त्याला किंचित हसू आलं. मग त्याने माईक टेबलावर ठेवला आणि पुढचं वाक्य मोकळ्या तोंडाने म्हटलं, "सातव्या कलमाला आपली हरकत नाही, तसं मी समितीला कळवलंय." आणि माना थांबल्या. पंख्याचं बटण बंद केल्यावर पाती जशी थोडी फिरून मग थांबतात तशा थांबल्या, पुढच्या, मधल्या, मागच्या, सगळ्या. हॉलमधली एकही नजर त्याच्या डोळ्यांवर नव्हती. सगळ्या थोड्या खाली होत्या. तोंडावर.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो ही बैठक घ्यायचा. सभागृहात काय चाललंय, कुठलं विधेयक कुणी अडवलंय, कुठलं कुणाच्या भल्याचं, ते सोप्या भाषेत सांगायचं. दुसरा कुठला आमदार हे करत नाही, असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं आणि ते कात्रण कार्यालयात चौकटीत लावलेलं होतं. आज सुरुवात पार्किंगच्या वादाने झाली होती. मग भाड्याच्या घरांचं विधेयक: घरमालकाने अनामत कधी परत द्यायची यावर दोन्ही बाजू कशा हटून बसल्यात ते त्याने हावभाव करून सांगितलं, विरोधी नेत्याची नक्कलही केली. लोक हसले होते. नक्कल दिसते, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. नक्कल ऐकावी लागत नाही. आणि मग आलं होतं कामगार भरपाईचं विधेयक, मंगळवारी मतदानाला येणारं, ज्याच्या सातव्या कलमात लिहिलं होतं की कारखान्याच्या आवाजाने कान गेलेल्या कामगाराने काम सोडल्यापासून एका वर्षाच्या आत दावा केला तरच तो धरला जाईल. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी काम सोडून कितीतरी वर्षं झाली होती. ही सगळी पत्र्याच्या कारखान्यातली माणसं. आयुष्य प्रेसखात्यात गेलेली, जिथे दिवसभर दहा-बारा यंत्रं पत्र्यावर घाव घालत असतात आणि प्रत्येक घाव डोक्यात शिरून तिथेच राहायला येतो. कान एकदम जात नाहीत. आधी चिमण्या जातात, मग घराची घंटा, मग लहान पोरांचं बोलणं, मग बायकोचं. नवऱ्याचं सगळ्यात शेवटी जातं, असं प्रेसखात्यातल्या बायका म्हणायच्या, तेवढं नशीब कुठलं.

हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याचा बाप त्याच खात्यात होता. त्या घरात कुणी कुणाशी पाठमोरं बोलत नसे. आई पोळपाटावरून मान वर करून, बापाच्या समोर येऊन, ओठ मोठे हलवून बोलायची. बाप शब्द ओठांवरून उचलायचा. जेवताना तोंडात घास असला की बोलायचं नाही, हे संस्कार म्हणून नव्हे, घास असला की शब्द दिसत नाहीत म्हणून. हाच एक पोरगा घरात बोंबलत फिरायचा, कुणीतरी ऐकेल या आशेने, आणि म्हणून सगळं खातं त्याला भोंगा म्हणायचं. आणि मान हलवणं. ते तर या पोराच्या जन्माच्याही आधीचं. फोरमन काही बोलला की आधी मान हलवायची, मग शेजारच्याकडे बघून काय म्हणाला ते काढून घ्यायचं. कारण ज्याला ऐकू येत नाही हे फोरमनला कळलं तो यंत्रावरून उतरला, झाडू हातात आला, पगार अर्ध्यावर. तेव्हा मान हलवणं ही हुशारी होती. मग ती सवय झाली. मग हाडात गेली. शाळेत मास्तर बापाला सांगत होते की तुमचा मुलगा नापास होईल, आणि बाप प्रसन्नपणे मान हलवत होता. मास्तर घरी बायकोला म्हणाले असतील, काय शांत माणूस आहे.

आणि तो दवाखाना. हा विचार त्याने आजपर्यंत बाजूला ठेवला होता असं नाही. तो विचार त्याला यायचा, पण दुसऱ्या कप्प्यात. आईच्या पोटाचं दुखणं. तपासणी झाली, आणि डॉक्टर आतून तोंडावरची पट्टी न काढता बाहेर आले आणि दारातच बापाला काहीतरी म्हणाले. बापाने मान हलवली. घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय म्हणाले? बाप म्हणाला, सगळं ठीक आहे म्हणाले. डॉक्टर म्हणाले होते, लगेच परत घेऊन या, थांबू नका. हे पुढे, उशिरा, नर्सकडून कळलं. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. बापाला कुणी दोष दिला नाही. त्यानेही स्वतःला दिला की नाही, कळायला मार्ग नव्हता. तुम्ही विचारलं तर तो मान हलवायचा. त्या घरातून आलेल्या माणसाने बारा महिने, पहिल्या रविवारी, काळा गोल माईक ओठांना चिकटवून, ओठ पार झाकून, या माणसांना कायदे समजावून सांगितले होते. पक्षाच्या शिबिरात शिकवलं होतं, माईक आणि तोंड यांत मुठीपेक्षा जास्त अंतर नको. त्याने ते पाळलं होतं. पक्षाचं तो सगळं पाळायचा.

"भोंग्या, परत बोल."

दुसऱ्या रांगेतून आवाज आला, चढउतार नसलेला, हवा तेवढ्यापेक्षा मोठा, ऐकू न येणाऱ्यांचा असतो तसा. प्रेसवाल्या मावशी. बापाच्या शेजारच्या यंत्रावर त्यांची उमर गेली होती. उजव्या हाताची दोन बोटं प्रेसने ठेवून घेतलेली, उरलेल्या बोटांनी त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती. या हॉलमध्ये त्याला अरेतुरे करणारं आता दुसरं कुणी नव्हतं.

"काय परत बोलू, मावशी?"

"सातव्याचं. तोंडापुढचं काढून बोललास ना, ते."

त्याने परत सांगितलं. सांगताना त्याचे ओठ आपोआप मोठे हलायला लागले, आईचे हलायचे तसे. किती वर्षांनी त्याच्या गालांचे ते स्नायू कामाला लागले होते, ते दुखले. एक वर्षाची मर्यादा. ज्यांचं वर्ष उलटून गेलं त्यांना काही नाही. कानाचं यंत्र नाही, औषध नाही, भरपाई नाही. मी समितीत आहे. समितीत मी म्हटलं, माझ्या लोकांची हरकत नाही.

"आम्हाला कधी विचारलंस?"

"गेल्या महिन्यात. इथेच. मी विचारलं, एवढी एक मर्यादा मानली तर बाकीचं विधेयक सुटतंय, मानायची का? तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्यात."

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग शेजारी बसलेल्या भट्टीवाल्या काकांकडे वळून त्यांनी नुसत्या ओठांनी ते पोचवलं, काकांनी मागे वळून पुढे दिलं, आणि हॉलमधून एक गोष्ट रांगेरांगेने आवाजाशिवाय सरकत गेली. ती भिंतीपर्यंत जाऊन पोचली आणि तिथून हसणं उठलं. त्याला कळेना हसण्यासारखं काय होतं.

"अरे, माना तर आम्ही तुझ्या लग्नातही हलवल्या," मावशी म्हणाल्या. "तुझा सासरा एवढं मोठं भाषण करून गेला. काय बोलला ते तू आज सांग."

"मला वाटलं चहा आणायचा का विचारतोय," भट्टीवाले काका म्हणाले. "मी हो म्हटलं."

"चहा आला होता ना पण," मागून कुणीतरी म्हणालं. "म्हणजे बरोबरच म्हटलं होतं."

पुन्हा हसले. त्यात राग नव्हता, आणि त्याला राग हवा होता. रागावलेल्या माणसांशी कसं बोलायचं हे त्याला येत होतं. ते शिबिरात शिकवतात. आधी भावना मान्य करायच्या, मग अडचण सांगायची, मग तारीख द्यायची. यांच्या हसण्याला तारीख कुठली देणार. त्याचा पीए खुर्च्यांच्या बाजूने वाकत वाकत त्याच्यापाशी आला, सदऱ्याला घाम, आणि कानाशी म्हणाला, "साहेब, वायर तुटली होती, माईकवाल्याने जोडलीय. सातवं सोडून द्या, पुलाच्या निधीवर या. पूल सगळ्यांना आवडतो." आणि लगोलग स्पीकर घरघरले, माईकवाल्याने खांबाआडून अंगठा दाखवला. माईक टेबलावर पडला होता, बारीक लाल दिवा लागलेला. उचलायचा. एवढंच. उचलला की समोरच्या माना पुन्हा हलायला लागतील, त्यांना तसं कुणी सांगावंही लागणार नाही. पूल, नवी बससेवा, वाचनालयाचं अनुदान, धन्यवाद. त्याच्या हाताला त्या वस्तूचं वजन न धरताच जाणवत होतं.

तो हात खिशात घालून उभा राहिला आणि समितीची खोली त्याला आठवली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, उद्योगवाल्यांचे दोन वकील, एक कायदेतज्ज्ञ. सातव्या कलमापाशी सगळे थांबले होते. विरोधी बाजूची एक बाई म्हणत होती की कान गेला हे माणसाला कळायलाच वर्षं जातात, वर्षभराची मर्यादा म्हणजे दार उघडून आत भिंत बांधणं आहे. अध्यक्षांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. तुमच्या मतदारसंघात तर सगळा पत्रा कारखानाच आहे, तुम्ही सांगा. आणि त्या क्षणी, हे त्याला आता स्वच्छ दिसत होतं, त्याला आत कुठेतरी बापाची मान हलताना दिसली होती. मास्तरांपुढे, डॉक्टरपुढे. दिसली होती आणि त्याने ती बघितली नव्हती. तो म्हणाला, मी माझ्या लोकांशी बोललोय, त्यांची हरकत नाही. खोटं नव्हतं ते. कोर्टात टिकलं असतं. खोटं बोलणारा माणूस निदान स्वतःला ऐकतो. त्याने फक्त जे सोयीचं होतं ते दिसलं तसं उचललं. अध्यक्षांनी मान हलवली, वकिलांनी हलवली, आणि कानाने ठणठणीत असलेली ती सगळी माणसं पुढच्या कलमावर गेली. चहाच्या वेळी प्रतोद, म्हणजे पक्षाचे मतदानाचे कारभारी, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, पुढच्या वर्षी समितीचं अध्यक्षपद तुमच्याकडे यायला माझी तरी हरकत नाही.

"मग आता?" मावशींनी विचारलं.

हॉल शांत होता. त्याला वाटलं, ही शांतता यांना माहीत नाही. यांच्या डोक्यात तर घाव पडतच असतात. बाप रात्री उशीत तोंड खुपसून म्हणायचा, यंत्र बंद करा रे कुणीतरी. ही शांतता फक्त त्याची, पीएची आणि माईकवाल्याची होती.

"मंगळवारी मतदान आहे," तो म्हणाला. "मी विरोधात उभा राहिलो तरी विधेयक पडेलच असं नाही. पण कलम सात मी हरकत नाही म्हटल्यामुळे पुढे गेलंय. ते मला मागे घेता... म्हणजे, हरकत आता घेता येईल. दुरुस्ती मांडता येईल. आजच कळवावं लागेल."

"कळव की मग."

"कळवतो. संध्याकाळी फोन करतो."

भट्टीवाले काका चष्मा पुसून तो पुन्हा घालत होते. कुणीही त्याला खोटारडा म्हटलं नाही. त्याने संध्याकाळची कल्पना केली. बायको दिवाणखान्यात, तो गॅलरीत फोन घेऊन, पाठ खोलीकडे, आवाज खाली. प्रतोद समजावणार, तो हं हं करणार. फोनवर हं हं करणं म्हणजे काय असतं? न दिसणारी मान हलवणं. ती त्याला त्याच्या बापापेक्षा झकास जमत होती, आणि बापाला तर पोटासाठी हलवावी लागत होती.

त्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच लावला. पीएने "साहेब, साहेब," असं दोनदा केलं.

"बोला!" प्रतोदांचा रविवारचा सैल आवाज आला. मागे नातवंडांचा दंगा. "आज बैठक ना तुमची? खूश आहेत का माणसं?"

"सातव्या कलमाला माझी हरकत आहे," तो म्हणाला. हळू म्हणाला, प्रत्येक शब्द तोंडात पूर्ण उघडून. "दुरुस्ती मांडणार आहे. वर्षाची मर्यादा काढायची."

"थट्टा करताय का राव? परवा मतदान. समितीत तुम्हीच बोललात, नोंद आहे तशी."

"बोललो होतो. लोकांना कळलंच नव्हतं मी काय विचारलं ते. आज कळलं. मी त्यांच्यासमोरच उभा आहे."

"समोर?" तिकडे दार लावल्याचा आवाज झाला, दंगा थांबला. प्रतोदांचा आवाज जवळ आला, चांगला झाला, मित्राचा झाला. "हे बघा, जरा बाजूला जाऊन बोला. माणसांसमोर असं बोलायचं असतं का? खिडकीपाशी जा."

आणि तो निघालाच होता. पाय वळले होते. फोन कानाला लागला की माणूस भिंतीकडे, खिडकीकडे, जिन्याकडे वळतो, त्यात ठरवलेलं काही नसतं. वळताना त्याला पहिल्या रांगेतला एक म्हातारा त्याचं तोंड दिसावं म्हणून मान वाकडी करून खुर्चीतून झुकलेला दिसला, मग त्याच्या शेजारचा झुकला, मग पूर्ण रांग त्याच्या वळण्याबरोबर एका अंगाला कलली. तो थांबला. पुन्हा समोर वळला. खिडकीतला उजेड आता सरळ त्याच्या चेहऱ्यावर होता आणि डोळ्यांना त्रास होत होता.

"हं, गेलात? ऐका," प्रतोद म्हणाले. "तुमची अडचण मला कळते. मीही माणसांतूनच आलोय. असं करा, मंगळवारी तब्येत बरी नाही म्हणा. ताप म्हणा, पोट म्हणा. येऊच नका. विधेयक आपल्या वेगाने जाईल, तुमचं बोट कुठेच लागलेलं नसेल. तिकडे लोकांना खुशाल सांगा, माझा विरोध होता. पद आहे तिथेच आहे. सगळ्यांचं नीट होतं. काय?"

हे कुणालाच दिसलं नव्हतं. प्रतोदांचे ओठ इथे नव्हते. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये हे वाक्य फक्त त्याच्या एका कानात होतं आणि त्याला ते तिथेच ठेवता आलं असतं. चांगलं, मऊ, सगळ्यांचं नीट करणारं वाक्य. बरं, बघू, एवढंच म्हणायचं होतं. ते दिसायलाही बरं दिसलं असतं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत थांबले होते, घाई न करता, पाळी सुटायची वाट बघणारी माणसं थांबतात तसे. मावशी उठून, पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"आजारी पडा म्हणतायत," तो हॉलला म्हणाला. "मंगळवारी येऊ नका म्हणतायत. पद राहील म्हणतायत."

"कुणाशी बोलताय?" प्रतोद म्हणाले.

"तुमच्याशीच. मी आजारी पडणार नाही. येणार. दुरुस्ती मांडणार. पडली तर विरोधात मत देणार."

इथे शब्द भिंतीपर्यंत जाऊन पोचले होते. शेवटच्या रांगेतली एक बाई शेजारणीचा हात दाबत होती.

"हॅलो," बऱ्याच वेळाने प्रतोद म्हणाले. "आवाज तुटतोय तुमचा. काय म्हणालात, ऐकू आलं नाही."

आवाज तुटत नव्हता. प्रतोदांचा श्वाससुद्धा त्याला स्वच्छ ऐकू येत होता. ते त्याला सगळं पुन्हा, वेगळं म्हणायची संधी देत होते.

त्याने तेच पुन्हा सांगितलं.